जुन्या साडीचे गाळण



जुनी सुती साडी आपण टाकत नाही. थोडी गोधडीत जाते, मऊ तुकडा पाणी गाळायला राहतो. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल यांच्या गटाने हेच करून पाहिले. साडीची निदान चार पदरी घडी करून बायकांनी पाणी गाळले आणि कॉलरा सुमारे ४८ टक्के कमी झाला. २००३ साली हे छापून आले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या इवल्या जिवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. धुऊन धुऊन धागे फुलतात, म्हणून नवीपेक्षा जुनी साडी बरी.

हे ऐकून आमच्या काकू म्हणाल्या, "बघ, आपल्याला आधीच ठाऊक होतं!"

मला नाही पटत. आपण गाळतो ते त्या जिवांसाठी, आपल्या पोटासाठी नव्हे. म्हणून तर जिवाणी परत विहिरीत सोडायची. शिवाय कॉलरा निम्माच कमी झाला. गाळलेले पाणी उकळायलाच हवे. आणि नळाला एकपदरी नायलॉनचा तुकडा बांधून तो महिनाभर न धुणे, याला मी तरी गाळणे म्हणत नाही. काकूंच्या नळाला तोच आहे!