ट्रॅक्टर स्वस्त झाला. पण तेल गळते म्हणून जुना विकावा का?

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. मूळ किंमत 6 लाख रुपये धरली, तर कर 42 हजारांनी कमी होतो. त्यामुळे ‘जुना तेल गळतोय, देऊन टाकू’ असा विचार तुमच्याही मनात आला असेल. मात्र, 42 हजार वाचवण्यासाठी काही लाखांचे कर्ज घेण्याआधी गळती कुठली आहे ते पाहा. अनेकदा दोष एका ऑईल सीलचा असतो.

गळती ओळखा
रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा ठेवा. क्लच हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून काळे, पातळ तेल ठिबकत असेल, तर क्रँकच्या मागच्या सीलवर संशय घ्यावा. दाट, उग्र वासाचे तेल असेल, तर गिअरबॉक्सकडचे सील तपासावे. दोन्हींत तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरतो.

मागच्या एक्सलचे सील गेले, तर ड्राय ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये तेल ब्रेक लायनरवर येते. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना एका बाजूचा ब्रेक लागला नाही, तर ट्रॅक्टर एकीकडे ओढतो. अशी गळती दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत ट्रॉली जोडू नका.

नवे सील बसवण्याआधी
- ब्रीदर चोंदला आहे का, तेल खुणेपेक्षा जास्त आहे का, ते पाहा. आतला दाब वाढला की नवे सीलही गळते.
- बेअरिंगमध्ये खेळ असेल, तर आधी बेअरिंग बदला.
- शाफ्टवर नख फिरवा. चर लागली, तर नुसते सील बदलून उपयोग नाही. स्लीव्ह बसवावी लागते.

बसवताना
जुन्या सीलवरील आकडे पाहून तेच माप घ्या. 45-62-10 म्हणजे आतला व्यास 45, बाहेरचा 62 आणि जाडी 10 मिलिमीटर. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा. ओठाला तेल लावा, कोरडे बसवू नका. सपाट कड्याने चहूबाजूंनी सारखे ठोका. चाक काढताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली भक्कम आधार द्या.

क्रँकच्या मागच्या सीलसाठी ट्रॅक्टर दोन भागांत वेगळा करावा लागतो. तिथे सीलपेक्षा मजुरी जास्त लागते. म्हणून क्लच प्लेट बदलताना हे सीलही बदलून घ्यावे.

ट्रॅक्टरच्या ठरावीक सुट्या भागांवरील करही 18 वरून 5 टक्के झाला आहे, सर्वच भागांवरील नाही. म्हणून पक्के बिल घ्या आणि कराचा दर तपासा.

इंजिन दमदार, गिअर ठीक आणि दोष फक्त सीलचा असेल, तर हंगामाआधी दुरुस्ती करा. नवा ट्रॅक्टर कामाच्या गरजेनुसार घ्या, गळतीला कंटाळून नको.