जिद्दीचे गोडवे पुरेत, मजुरीचे बोला

बायकांच्या खेळाविषयी कुठेही वाचा, एक शब्द हटकून भेटतो : जिद्द. मला या शब्दाची आता चीड येते. वस्त्यांमध्ये काम करताना मी पाहते, जिथे बाईला पुरती मजुरी द्यायची नसते तिथेच तिच्या जिद्दीचे पोवाडे गायले जातात. जपानची फुटबॉलपटू आया सामेशिमा हिची कहाणी अशीच सांगितली जाते, म्हणून ती नीट तपासू या.

१९८७ साली जन्मलेली सामेशिमा बचावफळीत डाव्या बाजूला खेळायची. तिचा संघ टेपको मारिझे हा तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा. देशाकडून खेळणारी ही मुलगी त्याच कंपनीच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात कारकुनी करत होती. नोकरी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात सराव. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, केंद्रात अपघात झाला, संघाचे काम थांबले. नोकरी आणि संघ एकाच मालकाचे, त्यामुळे दोन्ही एकदम गेले. ती अमेरिकेत बोस्टनच्या संघाकडे गेली आणि १७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरली. दोनदा मागे पडूनही जपानने अमेरिकेशी २-२ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर ३-१ ने बाजी मारली.

इथे टाळ्या वाजतात आणि गोष्ट संपते. मी विचारते, जगज्जेत्या संघातल्या बाईला पोटासाठी कारकुनी का करावी लागली?

जपानमध्ये बायकांची लीग १९८९ सालीच सुरू झाली. पुरुषांची व्यावसायिक लीग आली १९९३ मध्ये, म्हणजे नंतर. पण पगार आधी त्यांना मिळाला. बायका कंपन्यांच्या मर्जीवर राहिल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंदी आली तशी कंपन्यांनी हात काढून घेतला आणि नावाजलेले संघ बंद पडले. मालकाची मर्जी म्हणजे हक्क नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

संघाचे नावच पाहा : नादेशिको. एक नाजूक गुलाबी फूल. जपानी परंपरेत ‘यामातो नादेशिको’ म्हणजे शालीन, सोशिक, घरासाठी झिजणारी आदर्श स्त्री. सोशिकपणाचा असा गौरव झाला की मोबदला मागणारी बाई आपोआप उद्धट ठरते. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी निघताना पुरुषांचा तरुण संघ बिझनेस क्लासमध्ये बसला आणि जगज्जेत्या बायका त्याच विमानात त्याहून स्वस्त वर्गात. त्यांनी रौप्यपदक मिळवले, तेव्हा कुठे परतीला बिझनेस क्लास मिळाला. पुरुष चौथे आले. त्यांना जाताना पदकाची अट नव्हती.

‘बायकांच्या सामन्यांना प्रेक्षक नाहीत, मग पैसा कुठून येणार?’ हा नेहमीचा युक्तिवाद. २०११ चा अंतिम सामना जपानमध्ये पहाटे पावणेचारला सुरू झाला आणि लोक तो पाहायला जागले. तरीही बक्षिसांची दरी पाहा. २०१४ च्या पुरुष विजेत्यांना साडेतीन कोटी डॉलर, २०१५ च्या महिला विजेत्यांना वीस लाख. त्या २०१५ च्या अंतिम सामन्यातही सामेशिमा आणि तिचा संघ पोचला होता.

व्यावसायिक महिला लीग जपानमध्ये अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, पुरुषांच्या अठ्ठावीस वर्षांनंतर. प्रत्येक संघात किमान पंधरा जणींशी व्यावसायिक करार करण्याचा नियम आला. सामेशिमा ओमियाच्या संघातून त्यात उतरली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. जे विशीत मिळायला हवे होते, ते कारकिर्दीच्या उतरणीला मिळाले.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखाद्या खेळाडू मुलीचा सत्कार आपल्या व्यासपीठावर होईल, तेव्हा हार घालण्याआधी तिला तीन गोष्टी विचारू या : करार आहे का, पगार किती, दुखापत झाली तर खर्च कोण करतो? आणि उत्तरे आयोजकांसमोर, माइकवरून मागू या.