कोकणी थाळीतील हरवलेली भाकरी

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'अस्सल पारंपरिक कोकणी थाळी' अशा पाट्या आज ठिकठिकाणी आढळतात. पांढराशुभ्र भात, तळलेली सुरमई, नारळाच्या वाटणाचे तांबडेलाल कालवण, सोलकढी आणि एखादा मोदक. ही थाळी रुचकर असते, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो 'पारंपरिक' या शब्दाचा.

प्रथम या कालवणाच्या तांबड्या रंगाचाच विचार करू. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्याच व्यापाराच्या वाटेने ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वी आपला तिखटपणा मिऱ्यांचा होता. 'मिरची' हे नावही त्यावरूनच पडले. ब्राझीलचा काजू त्याच वाटेने, स्वतःचे नाव बरोबर घेऊन आला. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजच. ज्या हापूसमुळे रत्नागिरीचे नाव जगभर गेले, त्याचे नावदेखील आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराशी जोडले जाते. कोकम आणि तिरफळ सह्याद्रीच्या कुशीतली खरी. पण त्यांच्या शेजारी सातासमुद्रांपलीकडचे जिन्नस सुखाने नांदत आहेत. ज्या किनाऱ्यावर दाभोळसारखे बंदर शतकानुशतके परदेशांशी व्यापार करीत होते, तेथे याहून निराळे काही घडणे शक्यच नव्हते. तात्पर्य, आपली परंपरा देवघेवीतून घडली आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

परंतु समुद्राने ताटात काय आणले, एवढे सांगून हा इतिहास पुरा होत नाही. जमिनीने कोणाच्या ताटात काय राहू दिले, हेही पाहावे लागेल. कोकणात भाताची खाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन फार. त्या उतारावर नाचणी, वरी, हरीक पिके. त्यातच खोतीची पद्धत. कुळाने पिकविलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हावयास मात्र १९४९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत असंख्य कुळांच्या घरी भात हे सणाचे अन्न होते. रोजचे अन्न म्हणजे नाचणीची भाकरी, आंबील आणि कुळथाची पिठी. म्हणजे ज्या थाळीला आपण आज कोकणची परंपरा म्हणतो, ती अनेकांच्या दृष्टीने सणासुदीची किंवा खोताच्या ओटीवरची होती.

पुढे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर तांदूळ विकत घेतला जाऊ लागला. रेशनच्या दुकानाने तो स्वस्त केला. उपाशी माणसाला भात मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर उतारावरची नाचणी मागे पडत गेली. वर्गात 'घरी नाचणी कोण खाते?' असे विचारले, तर हात वर करण्यापूर्वी मुले एकमेकांकडे पाहतात. नेमक्या याच सुमारास, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि शहरांत नाचणीची बिस्किटे आकर्षक वेष्टनांतून विकली जाऊ लागली. ज्या भाकरीची गावात लाज वाटते तिचे शहरात कौतुक व्हावे, आणि त्या कौतुकातील नफा मात्र उतारावर नांगर धरणाऱ्याच्या हाती न पडावा, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा आहे.

पर्यटन हा आज या जिल्ह्याचा मोठा आधार आहे. परंपरा विकण्यास हरकत नाही. ती अर्धी विकू नये, एवढेच म्हणणे. थाळीत नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी मानाने वाढली जावी, आणि ते धान्य शेजारच्याच गावातून, शेतकऱ्याला परवडेल अशा भावाने घेतले जावे. असे झाले तर पडीक पडलेला एखादा उतार पुन्हा हिरवा होईल. आणि वर्गातील ते हात एकमेकांकडे न पाहता वर होतील.