आंघोळ आपली आपण

वडीलधाऱ्यांना घरच्या घरी लागणारी मदत दोन प्रकारची असते. इंजेक्शन, सलाइन, जखमेची मलमपट्टी ही नर्सची कामे. आंघोळ, कपडे, संडासला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, जेवण, अंगणात चार पावले चालणे यांत हात देणारी व्यक्ती वेगळी. पुण्या-मुंबईत तिला ब्युरोची मावशी म्हणतात, चंडीगढमध्ये अटेंडंट. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे आईवडील आज जिथे कुठे असतील, तिथे ते आपल्या घरात किती वर्षे राहू शकतील हे औषधांइतकेच या दुसऱ्या मदतीवर ठरते.

घर की संस्था हे ठरवताना चंडीगढचे सेक्टर 43 पाहण्यासारखे आहे. बाहेरगावच्या माणसाला ते आंतरराज्य बसस्थानकामुळे आणि जिल्हा न्यायालयामुळे माहीत असते. तिथेच चंडीगढ प्रशासनाचा ज्येष्ठ नागरिक निवासही आहे. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निवास असावा अशी तरतूद केली आहे. ज्याला घर नाही, माणूस नाही, त्याच्यासाठी अशी संस्था हवीच. पण ज्याचे स्वतःचे घर आहे, पेन्शन आहे, शेजार आहे, आणि अडते ते फक्त न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी, त्याने घर सोडण्याचे कारण नाही. त्याला रोजचा तासा-दोन तासांचा जाणता हात पुरतो.

कुठे अडते हे मोजण्याची एक जुनी आणि अजूनही उपयोगी रीत आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडचे डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये सहा कामांची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे, संडासला जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या निरीक्षणातून ती तयार झाली. क्षमता साधारण याच क्रमाने कमी होतात. आंघोळ आधी अवघड होते, स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटी. म्हणून ‘आईला आता काहीच जमत नाही’ हे फोनवरचे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. सहांतले एक किंवा दोन जमत नाही. मदत तेवढ्याचीच ठेवली, तर बाकीची चार-पाच कामे तिच्या हातात राहतात.

आंघोळीचेच पाहू. चंडीगढचा डिसेंबर-जानेवारी कडाक्याच्या थंडीचा आणि दाट धुक्याचा. कपडे अंगावरून काढायचेच नकोत असे होते, फरशी ओली, गिझरचे पाणी कधी फार कढत. चांगली मदतनीस आधी न्हाणीघर उबदार करते, पाणी स्वतःच्या मनगटावर पाहते, रबरी बुडांचे स्टूल ठेवते, टॉवेल आणि कपडे हाताशी मांडते. भिंतीला पक्का दांडा बसवलेला असतो. मग तांब्या आजींच्या हातात. तोंड, हात, पोट त्या स्वतः धुतात. पाठ आणि पावले मदतनीस धुते, कारण वाकण्यातच तोल जातो. याला वीस मिनिटे जास्त लागतात. घाईची मदतनीस पाच मिनिटांत सगळे उरकते, आणि बघणाऱ्याला तीच जास्त कामाची वाटते.

नुकसान इथेच होते. न वापरलेला स्नायू म्हातारपणी फार लवकर आटतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. आजारपणानंतर प्रेमापोटी पलंगावरच भरवणाऱ्या घरात हेच घडते, फक्त त्याची मोजदाद होत नाही. डेन्मार्कने यावर सरळ धोरण आखले. तिथे 2015 पासून, ज्या वृद्धाचे बळ परत येण्यासारखे आहे त्याला कायमची घरमदत लावण्याआधी ठरावीक मुदतीचे पुनर्वसन देणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले.

परप्रांतातल्या मराठी ज्येष्ठांच्या बाबतीत भाषेचा प्रश्नही येतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते. चाळीस वर्षे सफाईने हिंदी बोललेले आजोबा रात्री ‘लघवीला जायचंय’ एवढेच म्हणतात, आणि पंजाबी मदतनिसाला ते कळत नाही. मग चिडचिड, मग ओले अंथरूण, मग डायपर. पंधरा-वीस मराठी शब्द तिला वाचता येईल त्या लिपीत लिहून स्वयंपाकघरात चिकटवले, की यातले बरेच टळते. मऊ भात, वरण, मेतकूट हेही त्याच कागदावर असावे.

मदतनिसांच्या या सेवेवर सरकारी देखरेख मात्र तुटपुंजी आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या, 2007 च्या त्याच कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांसाठी किमान निकष होते. ते मंजूर झालेच नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द ठरले. सत्तरीपुढच्या सर्वांना 2024 मध्ये लागू झालेले आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे, मावशीच्या पगाराला ते लागू नाही. पडून हाड मोडल्यावर सरकार खर्च करते, पडू नये म्हणून करत नाही, हे धोरण बदलायला हवे. तोवर जबाबदारी कुटुंबाचीच. ब्युरोकडून मदतनिसाची ओळखपत्रे आणि पोलीस पडताळणी मागावी. तिची साप्ताहिक सुट्टी आणि बदलीची व्यवस्था आधीच लिहून घ्यावी. बारा तास उभी राहणारी, विश्रांती न मिळालेली बाई आजींना वीस मिनिटे जास्त देऊ शकणार नाही.

हिवाळी सुट्टीत भारतात जाणाऱ्या सभासदांना आपल्या मराठी मंडळाची विनंती आहे की, भेटवस्तूंच्या आधी आईवडिलांचे न्हाणीघर पाहावे, दांडा बसवून घ्यावा, सहांपैकी कोणती कामे त्यांना स्वतः करायची आहेत हे त्यांनाच विचारावे आणि ते मदतनिसाला त्यांच्यासमोर सांगावे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालते. हा क्रमांक त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.