स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा : केवळ प्रशिक्षण पुरेसे नाही

देशातील साठ वर्षांवरील नागरिकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात वर्तविण्यात आला. या रुग्णांचा सांभाळ आजही मुख्यतः घरातच, बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून करते. मात्र कुटुंबे लहान होत असून मुले दूरच्या शहरांत वा परदेशी स्थायिक होत आहेत. त्यामुळे निवासी शुश्रूषेची गरज वाढत जाणार, हे उघड आहे. तेथील कर्मचाऱ्यांना काय शिकवावे आणि कसे, याबाबत ब्रिटनचा अनुभव उद्बोधक ठरतो.

भारतात नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. ब्रिटनमध्ये मात्र परावलंबी वृद्धांच्या कायमच्या निवासाला तसे म्हणतात. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात अशा निवासांतील वागणुकीवर बोट ठेवले. वृद्धांना घाई करणे, लहान मुलासारखे वागविणे, त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी परस्पर बोलणे या गोष्टी दुष्टाव्याने नव्हे, तर सवयीने घडतात. परंतु त्यांमुळे रुग्णाचे माणूसपण हिरावले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यक्तिकेंद्रित शुश्रूषेचा पाया येथे आहे.

सायंकाळ होताच एखाद्या आजी दाराकडे धाव घेऊन 'मला घरी जायचे आहे' असा हट्ट धरतात. अप्रशिक्षित कर्मचारी त्यांना अडवितो आणि प्रसंगी झोपेचे औषध देण्यास सुचवितो. प्रशिक्षित कर्मचारी मात्र विचारतो : या वेळी त्या आयुष्यभर काय करीत होत्या? स्वयंपाक, दिवाबत्ती, मुलांची वाट पाहणे? मग त्यांच्या हाती निवडण्यासाठी भाजी दिली जाते.

औषधांचा प्रश्न गंभीर आहे. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. त्यानंतरच्या वर्षी ब्रिटनमधील १२ निवासांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण व पाठबळ देण्यात आलेल्या निवासांत वर्षअखेरीस अशी औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्के, तर अन्यत्र सुमारे ४२ टक्के होते. औषधे कमी असूनही रुग्णांची अस्वस्थता वाढल्याचे आढळले नाही.

तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० निवासांच्या अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले. तेथे निवडक कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या दिनक्रमाचे सूक्ष्म निरीक्षण करून शुश्रूषेत बदल घडविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढील जबाबदारी मुख्यत्वे त्यांच्यावरच होती. सुमारे एक चतुर्थांश निवासांनाच निरीक्षणाच्या पहिल्या फेरीपुढे जाता आले आणि रुग्णांच्या अस्वस्थतेत लक्षणीय घट झाली नाही. याउलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९ निवासांच्या अभ्यासात प्रशिक्षक नऊ महिने कर्मचाऱ्यांना साथ देत होते. तेथे रुग्णांचे जीवनमान सुधारले, अस्वस्थता घटली आणि एकूण खर्चही नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा कमी आला.

या अभ्यासांच्या पद्धती भिन्न असल्या तरी त्यांतून मिळणारा बोध एकच आहे. दोन दिवसांचे शिबिर आणि भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र यांनी शुश्रूषा बदलत नाही. शिकलेले आचरणात आणण्यासाठी कर्मचाऱ्याला वेळ, वरिष्ठांचा पाठिंबा आणि अडचणीच्या वेळी सल्ला देणारे माणूस हवे. स्नान-भोजनाच्या ठरल्या वेळा सांभाळताना एकेका कर्मचाऱ्यावर अनेक रुग्णांचा भार असेल, तर आजींच्या हाती भाजी देण्यास सवड कोणाला मिळणार?

भारतात केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी या क्षेत्रात पायाभरणी केली आहे. देशातील निवासी शुश्रूषेची घडी अद्याप बसावयाची आहे. त्यामुळे निवासांना मान्यता वा अनुदान देताना प्रशिक्षणाच्या तासांबरोबरच कर्मचाऱ्यांची संख्या आणि प्रशिक्षणोत्तर पाठबळ यांचीही अट घालण्याची संधी आपल्याकडे आहे. ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही, तो गैरसोयीची तक्रार करू शकत नाही. म्हणूनच ही दक्षता इतरांनी बाळगणे अगत्याचे आहे.