जाहिरात म्हणजे हमी नव्हे

क्रिप्टोच्या जाहिरातींकडे संशयाने पाहणारे अडाणी नाहीत, असे मी सॉफ्टवेअर अभियंता म्हणून सांगतो. ब्लॉकचेनवरील नोंद पुसता येत नाही. म्हणूनच चुकून पाठवलेला पैसा परत आणणेही कठीण असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील सुपर बोलच्या प्रक्षेपणात एफटीएक्सची जाहिरात झळकली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे २०२१ च्या टी-२० विश्वचषकातही क्रिप्टोच्या जाहिराती गाजल्या. पुढे १ एप्रिल २०२२ पासून भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्यांना धोक्याचा इशारा देणे बंधनकारक केले.

बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथे नाही. तरुण मित्रांनो, जाहिरातीतला चेहरा पाहून भुलू नका. पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची, हे आधी विचारा.