दोघांचे औषध

आज 1 डिसेंबर, जागतिक एड्स दिन. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतील, छातीवर लाल फिती लागतील, एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात पथनाट्य होईल आणि उद्या हा विषय पुन्हा वर्षभरासाठी बासनात जाईल. एचआयव्हीच्या वाट्याला निदान एवढे तरी येते. त्याच वाटेने, म्हणजे शरीरसंबंधातून, अंगात शिरणाऱ्या परमा, गरमी, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास या आजारांना दिवसही नाही आणि फीतही नाही. प्रमाण मात्र एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात या चार आजारांची जगभरात सुमारे 37 कोटी 40 लाख नवी लागण झाली. हे चारही आजार औषधाने पूर्ण बरे होतात.

पुणे-सातारा महामार्ग नीरा नदी ओलांडतो, तिथे अलीकडच्या काठावर भोर तालुक्यातले सारोळे आहे. पूल संपला की सातारा जिल्हा आणि शिरवळची कारखानदारी. रात्रंदिवस वाहणारा रस्ता, ढाबे, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे परप्रांतीय कामगार आणि डोंगराच्या कुशीतल्या भोर-वेल्ह्याच्या वाड्यांतून पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेली माणसे, असा हा पट्टा. म्हणून इथे रोग जास्त, असा शिक्का कोणी मारू नये. त्याला काही आधार नाही. विचारायचे ते वेगळेच आहे. इथल्या माणसाला लघवीला आग होऊ लागली किंवा जांघेत गाठ आली, तर तो कुठे जातो? ओळखीच्या डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टर बापाला ओळखतो. तो औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात ‘गरमीवर काहीतरी द्या’ म्हणतो. नाहीतर गाडीत बसून पुण्याला, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे, एखाद्या भिंतीवरची जाहिरात वाचून पोचतो. दोन्हीकडे तो एकटाच असतो, आणि आमच्या मते खरी गोम इथेच आहे.

वास्तविक या आजारांइतकी सोपी उपचारपद्धत सरकारी आरोग्यसेवेत क्वचितच सापडेल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी अडून न बसता लक्षणांवरून लगेच उपचार करता यावेत, म्हणून औषधांचे रंगीत संच ठरवलेले आहेत. लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडा संच: सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन, एकाच वेळी घ्यायचे, परमा आणि क्लॅमिडिया दोन्हींवर. अंगावरून जात असेल, खाज असेल तर हिरवा. न दुखणारी जखम असेल तर पांढरा, त्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना निळा. हर्पिसच्या फोडांना लाल संच. त्यातल्या गोळ्यांनी फोड लवकर बसतात, विषाणू मात्र अंगात राहतो आणि पुन्हा डोके काढू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा संच, चौदा दिवसांचा. जांघेतल्या बदेला काळा, एकवीस दिवसांचा. बहुतेकांचे काम एका दिवसात, राहिलेल्यांचे फार तर तीन आठवड्यांत होते.

यांत सर्वांत फसवी गरमी. पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरूनही येते. माणूस निश्चिंत होतो. मग कधीतरी तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही जाते. रोग आत मुक्काम करून राहतो आणि कित्येक वर्षांनंतर हृदयावर, मेंदूवर उठतो. दरम्यान घरात बायकोचा गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते, आणि दोष तिच्या पायगुणाला दिला जातो. एकेकाळी यावर पारा देत, नंतर 1910 पासून संखियाची औषधे आली. रोगाइतकाच छळ उपचाराचा होता. पेनिसिलिनने तो संपवला. हे पेनिसिलिन आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, 1955 पासून बनू लागले, हे आजच्या किती पुणेकरांना ठाऊक असेल? लवकर कळले तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. जुन्या रोगाला दर आठवड्याला एक, अशी तीन. हा उपचार सुरू होऊन ऐंशी वर्षे झाली तरी गरमीचा जंतू पेनिसिलिनला दाद न देण्याइतका निर्ढावलेला नाही. परम्याचा जंतू तसा नाही. त्याने पेनिसिलिन पचवले, सिप्रोफ्लॉक्सॅसिन पचवले. दुकानातून दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की थांबणाऱ्या प्रत्येक माणसाने त्याला मदतच केली आहे.

आता पुण्याचीच एक नोंद. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी 391 स्त्रिया वेश्याव्यवसायातील नव्हत्या; चारचौघींसारख्या संसारी बायका होत्या. त्यांतल्या 13.6 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. बहुतेकींच्या आयुष्यात एकच पुरुष आलेला होता, त्यांचा नवरा. हा निबंध 1997 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. ‘घरंदाज’ बाईला असले काही होत नाही, या समजुतीला त्यानंतर तरी जागा उरायला नको होती. जननेंद्रियावर उघडी जखम असली की एचआयव्हीला शिरायला वाट मिळते. म्हणजे नवऱ्याच्या गरमीवर वेळेत दिलेले इंजेक्शन एड्सलाही अडवते. टांझानियातल्या म्वांझा भागात गावपातळीवरच्या दवाखान्यांत या आजारांचा उपचार सुधारल्यावर एचआयव्हीची नवी लागण सुमारे 40 टक्क्यांनी घटली, हे 1995 मध्येच सिद्ध झाले होते.

पण इंजेक्शन एकट्याने घेऊन भागत नाही. नवरा पुण्याला जाऊन गोळ्या घेतो, बरा होतो आणि घरी येऊन बायकोकडून तोच जंतू परत घेतो. तिला तो त्यानेच दिलेला असतो. परमा किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक स्त्रियांना काहीच लक्षण जाणवत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ओटीपोट दुखू लागते, गर्भनलिका बंद होतात आणि मूल होत नाही म्हणून तिलाच नवस बोलायला पाठवतात. म्हणून परमा, क्लॅमिडिया, गरमी, ट्रायकोमोनास यांचा उपचार जोडीने करायचा असतो आणि तो पुरा होईपर्यंत संबंध टाळायचा असतो. वैद्यकशास्त्रात याबद्दल दुमत नाही. आडवी येते ती जेवणाच्या ताटासमोर बसून बायकोला ‘तूही ही गोळी घे’ असे सांगण्याची लाज.

इथे एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर या लेखाने नको त्या घरात भांडण लागेल. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी नवऱ्याकडून आलेला रोग नव्हे. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडला किंवा बुरशी वाढली तरी पांढरे जाते, आणि त्यात नवऱ्याला औषध देण्याची बहुधा गरज नसते. तपासल्यावाचून संशय घेऊ नये, आणि तपासल्यावाचून अंगावरही काढू नये. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या तेव्हा 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. आधी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या. ‘लॅन्सेट’मध्ये हे 1989 साली छापून आले. पुढे तीस वर्षांनी काय झाले? बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या 2019 मधील पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पांढरे जाते, पोट दुखते अशी तक्रार घेऊन गेलेल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. ज्या दुखण्यावर आधी गोळ्या देऊन पाहायच्या, त्यावर थेट सुरी चालवली गेली. ऊसतोडीच्या या टोळ्या दिवाळीनंतर आपल्याच पश्चिम महाराष्ट्रात कोयता घेऊन उतरतात.

या विषयावर मराठीत बोलले गेले नाही असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले, मासिक चालूच राहिले. नव्वद वर्षांनंतर महाराष्ट्रातल्या शाळेत या विषयाचा धडा आला की गुरुजी ‘घरी वाचा’ म्हणून पान उलटतात. हे कर्व्यांच्या प्रांताला शोभत नाही.

तेव्हा आजच्या फेऱ्यांना आमचा विरोध नाही, पण मागणी वेगळी आहे. गरोदर स्त्रीची एचआयव्हीबरोबर गरमीचीही तपासणी होते. त्या दिवशी नवऱ्याला सोबत बोलवा आणि त्याचीही करा. महामार्गालगतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे रंगीत संच शिल्लक आहेत की नाही, हे भोर आणि वेल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी स्वतः जाऊन पाहावे. पुरुषांशी बोलायला पुरुष आरोग्यसेवक नेमा. आशाताईंनी कोणाकोणाच्या नवऱ्याला हे विचारायचे? मुलींच्या आयांनी एचपीव्हीच्या लशीची चौकशी करावी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा हा विषाणूही याच वाटेने येतो, आणि पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 पासून बाजारात आहे.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला यातले एखादे लक्षण असेल, तर औषधाच्या दुकानाची पायरी चढण्याआधी 1097 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. एचआयव्हीची तपासणी आणि तिचा निकाल गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. दवाखान्यात जाल तेव्हा जोडीने जा. एकट्यालाच जावे लागले, तर दुसऱ्याचे औषध मागून घेतल्याशिवाय उठू नका.